थिनरच्या वासाला एन९५ पुरत नाही
गॅरेजात गाडीला स्प्रे मारणारे कित्येक पेंटर एन९५ लावून बिनधास्त असतात. तो धूळ अडवतो, ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण. थिनरची वाफ मात्र सरळ आरपार जाते! तिथे सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज हवं (युरोपीय खूण: तपकिरी पट्टा, ‘ए’ अक्षर) आणि तुषारांसाठी त्यावर फिल्टर. आत वास येऊ लागला की एकतर कार्ट्रिज संपलं, नाहीतर मास्क नीट बसलेला नाही. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) पेंटमधल्या आयसोसायनेट या रसायनाचा तर वासही वेळेवर येत नाही, तिथे बाहेरून हवा पुरवणारा मास्कच बरा. दाढी असेल तर कडेने गळती ठरलेलीच, मग मास्क कितीही महागाचा असो. मॅनहोल, जुनी विहीर, बंद टाकी? तिथे ऑक्सिजनच कमी असू शकतो, १९.५ टक्क्यांखाली कुठलाही फिल्टर कामाचा नाही.