गावाच्या वंशावळी लिहिणारे मास्तर

कुलवृत्तांतात प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला फार तर दीड ओळ येते. जन्म अमक्या साली, व्हर्नाक्युलर फायनल पास, लोकल बोर्डात नोकरी, अपत्ये इतकी. मामलेदार, वकील, सुभेदार यांना परिच्छेद मिळतात. मला हे फार खटकतं. कारण एकशिक्षकी शाळेवर आयुष्य काढलेल्या माणसाने स्वतःच्या घराण्यासाठी काही लिहून ठेवलं नसेल, पण गावातल्या इतर घरांच्या वंशावळी त्याच्याच हस्ताक्षरात टिकल्या आहेत.

महात्मा फुल्यांना हा मास्तर कसा असावा हे नेमकं ठाऊक होतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये पगार मागितला, मोठ्या गावांत पंधरा ते वीस. तो शेतकरी वर्गातला, गरिबांत मिसळणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल सांभाळणं अशी कामं त्याच्याकडे दिली तर गावात त्याचा मान वाढेल, असंही त्यांनी सुचवलं होतं. पगाराकडे सरकारने कसं पाहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. कामं मात्र येत गेली. कितीतरी खेड्यांत शाळेचे मास्तरच शाखा टपाल कार्यालय चालवत, आलेली पत्रं वाचून दाखवत आणि उत्तरंही लिहून देत. पुढे शिरगणती आली, मतदार याद्या आल्या.

शाळा म्हणजे बहुधा मारुतीचं देऊळ, चावडी, नाहीतर कुणाची तरी पडवी. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५च्या ‘बनगरवाडी’त औंध संस्थानातला असा एक तरुण मास्तर आहे. त्याला आधी मुलं गोळा करावी लागतात आणि मग गावाचे तंटे ऐकावे लागतात. ती कादंबरी आहे खरी, पण जुन्या शिक्षकांना त्यात आपली नोकरी दिसते.

एका खोलीत चार इयत्ता सांभाळणं हे कसबाचं काम होतं, आणि त्याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही. बिगरी-पहिलीची पोरं धुळीत अक्षरं गिरवत, दुसरी पुस्ती काढी, तिसरीला फळ्यावरची गणितं, आणि मास्तर स्वतः चौथीपाशी. चौथीतला एखादा हुशार मुलगा धाकट्यांचा पाठ घेई. संध्याकाळी सगळ्यांची मिळून उजळणी व्हायची: पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. या रचनेत पहिलीतल्या मुलाच्या कानावर चौथीचा धडा रोज पडे. चार वर्षांत एकच अभ्यासक्रम त्याने चारदा ऐकलेला असे. बहुवर्ग अध्यापन असं भारदस्त नाव या रीतीला पुढे मिळालं. तिच्यात तोटेही होते. मास्तर आजारी पडले की शाळा बंद, आणि मास्तर रागीट निघाले तर पोरांना दुसरा आसरा नाही.

दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले की शेरेबुकात दोन ओळी लिहून जात. पण खरा ऐवज जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कारणांच्या रकान्यात गावाचा इतिहास सापडतो: गुरे राखणे, परगावी गेले, लग्न झाले.

जन्मतारीख बऱ्याच आईबापांना ठाऊक नसायची. पोर मानमोडीच्या साथीनंतरचं, नाहीतर अमक्या दुष्काळातलं, एवढंच ते सांगत. मग मास्तर मुलाकडे बघून वयाचा अंदाज बांधत, आणि शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात आजही १ जूनला वाढदिवस असलेली माणसं घरोघरी भेटतात. त्यांच्या निवृत्तीचा दिवस गावच्या मास्तरांनी ठरवला.

सगळेच मास्तर थोर नव्हते. कितीतरी शाळांत अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं ओसरीवर, नाहीतर उंबऱ्याबाहेर बसवली जात, आणि ती बसवणारा हात मास्तरांचाच असे. त्याच हाताने त्या मुलांची नावं रजिस्टरात मात्र इतरांच्याच रांगेत, अनुक्रमांकाने लिहिली. आज जात पडताळणीत त्या मुलांच्या नातवंडांना १९५० पूर्वीची जी नोंद दाखवावी लागते, ती अनेकदा हीच असते. इतर मागासवर्गीयांसाठी ती सीमा १३ ऑक्टोबर १९६७ आहे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. काही मोडीत होती, आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

१ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डाचे मास्तर ‘झेडपीचे गुरुजी’ झाले. १९८७च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक, आणि शक्यतो त्यांतली एक बाई, असं ठरवलं. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा प्रस्ताव आला. मुलं जीपने दुसरीकडे नेता येतील, पण एखाद्या वाडीवरची शाळा बंद होते तेव्हा तिचं रजिस्टर कुठल्या कपाटात जातं, याकडे लक्ष ठेवायला हवं.

तुमच्या वंशावळीत असे कुणी मास्तर असतील, तर त्यांचं सेवापुस्तक पंचायत समितीत मिळतं का, हे विचारा. त्यात बदल्यांची गावं सापडतील. मग त्या गावांच्या शाळांत जा आणि त्या वर्षांचं जनरल रजिस्टर पाहायला मागा. पानं ठिसूळ झालेली असतील, फोटो काढायची परवानगी मिळाली तर सगळ्या पानांचे काढा आणि एक प्रत शाळेलाही द्या. तिथल्या दुसऱ्या कुणाला तरी आपला पणजोबा शोधायचा असेल.