अ ट्रिक ऑफ द टेल

अ ट्रिक ऑफ द टेल हा जेनेसिस या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक संगीतसमूहाचा सातवा स्टुडिओ अल्बम आहे. करिझ्मा रेकॉर्ड्सने तो फेब्रुवारी १९७६ मध्ये प्रकाशित केला. मुख्य गायक पीटर गेब्रियल समूहातून बाहेर पडल्यानंतरचा हा पहिला अल्बम असून, यात मुख्य गायनाची जबाबदारी ड्रमवादक फिल कॉलिन्स यांनी प्रथमच सांभाळली.

पार्श्वभूमी

द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे (१९७४) या दुहेरी अल्बमचे कथानक गेब्रियल यांचे होते. त्याच्या दौऱ्यादरम्यानच त्यांनी समूह सोडण्याचा निर्णय सहकाऱ्यांना कळवला. दौरा मे १९७५ मध्ये संपला व ऑगस्टमध्ये ही बातमी जाहीर झाली. गेब्रियल यांच्या चित्रविचित्र वेशभूषेमुळे अनेकांच्या लेखी तेच जेनेसिस होते. त्यामुळे समूहाचा शेवट जवळपास गृहीत धरला गेला. वास्तविक संगीतरचनेचा बराचसा भार आधीपासूनच कीबोर्डवादक टोनी बँक्स व बासवादक माइक रदरफर्ड यांच्यावर होता.

नव्या गायकासाठी मेलडी मेकर साप्ताहिकात जाहिरात देण्यात आली आणि शेकडो अर्ज आले. चाचणीला आलेल्यांना गाणी शिकवण्याचे काम कॉलिन्स करीत. दरम्यान, लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत डेव्हिड हेन्शेल यांच्या सहनिर्मितीत वाद्यसंगीताचे मुद्रण सुरूही झाले होते. हीच घाई अडचणीची ठरली. निवडलेल्या उमेदवाराला 'स्क्वॉन्क' हे गीत मुद्रित झालेल्या पट्टीत गाता येईना. अखेर कॉलिन्स यांनीच ते गाऊन पाहिले आणि शोध तिथेच थांबला.

संगीत

अल्बममध्ये आठ रचना आहेत. पूर्वी श्रेय बहुधा संपूर्ण समूहाला दिले जाई. येथे ते रचनाकारांच्या नावानिशी दिलेले आहे. आरंभीची 'डान्स ऑन अ व्होल्केनो' सात मात्रांच्या विषम आवर्तनात बांधलेली आहे, तर गिटारवादक स्टीव्ह हॅकेट व बँक्स यांची 'एन्टँगल्ड' बारा तारांच्या गिटारवर संथपणे उलगडते. शीर्षकगीताची कल्पना बँक्स यांना विल्यम गोल्डिंग यांच्या द इनहेरिटर्स या कादंबरीवरून सुचली. अखेरच्या 'लॉस एन्डोस' या प्रामुख्याने वाद्यसंगीताच्या रचनेत आधीच्या धुना परततात. शेवटी १९७२ च्या 'सपर्स रेडी'चा पुसटसा उल्लेख ऐकू येतो. तो गेब्रियल यांना दिलेला निरोप मानला जातो.

प्रतिसाद

अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या, तर अमेरिकेत ३१ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यानंतरच्या दौऱ्यात कॉलिन्स रंगमंचाच्या अग्रभागी आले व ड्रमसाठी बिल ब्रुफर्ड यांना पाचारण करण्यात आले. चौघांच्या या संचाने त्याच वर्षाच्या अखेरीस विंड अँड वदरिंग हा आणखी एक स्टुडिओ अल्बम केला. १९७७ मध्ये हॅकेट हेही बाहेर पडले.