केरातील तेज

आषाढातील एखाद्या रात्री गोंदिया जिल्ह्यातील खेड्याच्या ओसरीवरून आकाशाकडे पाहावे. क्षणार्धात वीज चमकते आणि धानाची बांधी न् बांधी उजळून निघते. विजेच्या त्या एका रेषेत हवा सूर्याच्या पृष्ठभागाहूनही अधिक तापलेली असते. इतक्या उष्णतेने वायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. वायूच्या ह्या विद्युन्मय अवस्थेस आयर्विंग लँगम्यूर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ साली ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले. घन, द्रव व वायू ह्यांच्या पुढची ही पदार्थाची चौथी अवस्था होय.

आकाशातील हे तेज मानवाने भट्टीत आणले आहे. दोन विद्युदग्रांमधील फटीतून प्रबळ प्रवाह वाहू दिला, म्हणजे तेथे विद्युत् प्रज्योत निर्माण होते. तिच्यातून हवेचा झोत सोडला, की तोच प्लाझ्माचा झोत बनतो. त्याचे तापमान ५,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. लोखंड १,५३८ अंशांना वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या उष्णतेची कल्पना येईल.

अशा भट्टीत प्राणवायू बेताचाच सोडतात. त्यामुळे कचरा नेहमीसारखा पेटून जळत नाही. त्याचे विघटन होते. लाकूड, कागद, प्लॅस्टिक ह्यांपासून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे ज्वलनशील वायू निघतात. माती, काच व धातू वितळून तळाशी साचतात आणि निवल्यावर त्यांचा काचेसारखा कठीण खडा होतो. बरेचसे विषारी धातू त्या खड्यात बंदिस्त राहतात. वायू धुऊन स्वच्छ केले, की त्यांवर इंजिन किंवा टर्बाइन चालवून वीज निर्माण करता येते. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे कारखान्यांतील घातक कचऱ्यासाठी ह्याच पद्धतीचे केंद्र उभारण्यात आले.

मग गावोगावी अशा भट्ट्या का नसाव्यात? येथे जमाखर्च मांडला पाहिजे. झोत पेटविण्यासच पुष्कळ वीज लागते. निर्माण झालेल्या विजेतून ती वजा करावी लागते. त्यातच कचरा ओला असला, तर पुष्कळशी उष्णता पाणी आटविण्यातच खर्च होते. उकळत्या अशा एक किलो पाण्याची वाफ होण्यासही आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या घरातील केर तर बहुधा ओलाच! जपानमधील उताशिनाई येथील केंद्र २००३ साली सुरू झाले. पण पुरेसा कचरा न मिळाल्याने व यंत्रांच्या अडचणींमुळे २०१३ साली ते बंद पडले. इंग्लंडमधील टीज नदीच्या खोऱ्यात दोन प्रचंड केंद्रे उभारण्याचा प्रकल्प अपेक्षेप्रमाणे यशस्वी होईना, म्हणून २०१६ साली तो सोडून द्यावा लागला.

तात्पर्य, प्रत्येक केरासाठी त्याच्या जोगता अग्नी शोधावा. गोंदियाच्या भातगिरण्यांकडे पाहा. धानाच्या वजनाचा सुमारे एक पंचमांश भाग तुसाचा असतो. तूस कोरडे असल्याने साध्या भट्टीतही चांगले जळते. उकड्या तांदळासाठी लागणारी वाफ त्यावर तयार होते. त्यासाठी विजेची ज्योत कशाला? भाजीची देठे आणि उष्टे अन्न ह्यांना अग्नीची गरजच नाही. त्यांचे खत होते किंवा बंद टाकीत ती कुजवून ज्वलनशील वायू मिळवता येतो. साध्या आगीत ज्याचे विष नाहीसे होत नाही, अशा मोजक्या घातक कचऱ्यासाठी मात्र प्लाझ्माचा प्रखर झोत राखून ठेवावा, हेच शहाणपणाचे.

ह्या साऱ्या व्यवस्थेचा आरंभ भट्टीपाशी होत नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात होतो. ओल्या सालींत कागद मिसळला, तर खतही बिघडते आणि इंधनही. फुटका विजेचा दिवा त्यातच टाकला, तर केर निवडणाऱ्या गरीब माणसाचा हात कापतो. शास्त्रज्ञाने विजेला भट्टीत आणले, हे त्याचे मोठेच कर्तृत्व. परंतु एकत्र केलेला केर पुन्हा वेगळा करण्याचे कष्ट कोणाच्या तरी माथी पडतातच. ते कष्ट दुसऱ्याच्या माथी न मारणे मात्र आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.