घर फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?

गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "ताई, चक्कर येतेय." आता आम्ही लगेच लिंबू-सरबत पुढे करत नाही. आधी विचारतो, घर गरगर फिरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते?

हा प्रश्न आम्ही गटातल्या एका काकूंमुळे शिकलो. पहाटे कूस बदलली की त्यांना छप्पर फिरताना दिसायचं. अर्ध्या मिनिटात थांबायचं, पण मळमळ राहायची. कुणी पित्त म्हणालं, कुणी दृष्ट काढली, दोनदा सलाइन झालं. काकूंनी धास्तीने विहिरीवर जाणंच सोडलं. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी त्यांना टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली, झटकन आडवं केलं आणि डोळ्यांकडे पाहत राहिले. बुबुळं आपोआप थरथरली. निदान तिथेच झालं, स्कॅन लागला नाही.

आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले, की डोकं हलताच मेंदूला तोलाची चुकीची खबर जाते. डॉक्टरांनी काकूंचं डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागेवर नेले. औषधाची एक गोळीसुद्धा लागली नाही! पण मान-पाठ दुखत असेल तर आधी सांगा, आणि बघून बघून घरी करू नका.

उठून उभं राहताच अंधारी येत असेल, तर गोष्ट वेगळी. उपकेंद्रात आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असा दोनदा बीपी मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर कारण सापडलं समजा. हिमोग्लोबिनही तपासा, 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

तासन् तास गरगरणं, कानात आवाज, ऐकू कमी येणं, हा आणखी निराळा आजार. त्यालाही कानाचेच डॉक्टर.

चकरेबरोबर तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळा पडला किंवा चालताच येईना, तर दृष्टबिष्ट काढत बसू नका. 108 ला फोन करा.

दवाखान्यात जाताना कागदावर लिहून न्या: चक्कर काय करताना येते, किती वेळ टिकते, कोणत्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिवताई लिहून देतील.