पाळीचं घड्याळ

स्वयंचलित हवामान केंद्राचा डबा उघडला की आधी घड्याळ बघायचं, हे मला उशिरा कळलं. पूर्वी मी बॅटरीपासून सुरुवात करायचो.

त्या केंद्रावर बॅटरी ठणठणीत होती. वाऱ्याच्या वाट्या फिरत होत्या, सोलर पॅनल नुकतंच पुसलेलं. माशाच्या काट्यासारखा अँटेनाही जागेवर. पुण्याच्या बाजूला तो जवळजवळ सरळ दक्षिणेकडे आणि 68 अंश वर रोखतात, कारण इन्सॅट-3डीआर हा उपग्रह 74 अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर आहे. तरी आकडे पुण्याच्या कार्यालयात पोचत नव्हते. वर शेजारच्या केंद्राचेही अधूनमधून गायब!

आकडे नोंदवणाऱ्या लॉगरवर 03:00:00 झाले. लॉगर ग्रिनिचच्या वेळेने चालतो, म्हणजे आपले सकाळचे साडेआठ, पावसाचा दिवस बदलायची वेळ. मोबाईलमध्ये मात्र साडेआठला अजून 14 सेकंद बाकी होते.

36 हजार किलोमीटरवरचा उपग्रह कुणाचं काय चाललंय ते बघत नाही. 402.75 मेगाहर्ट्‌झवर जे येईल ते वारंवारिता बदलून खाली सोडतो. म्हणून केंद्रांनी पाळी लावून बोलायचं. दोघं एकदम बोलली की खाली नुसता गोंगाट येतो. आमचं केंद्र शेजाऱ्याच्या पाळीत घुसत होतं.

पाळी सांभाळायला जीपीएस असतं. त्याची वायर खारीने कुरतडली होती. मग लॉगर स्वतःच्या स्फटिकावर चालत राहिला. दहा लाखांत वीसची चूक म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. आठ दिवसांत 14.

अमेरिकेने तर हवामानाच्या गोज उपग्रहांवरूनच वेळ पाठवली, 1974 पासून 2004 अखेरपर्यंत. दूरच्या नदीमापकांना हाक मारणाऱ्या संदेशातच ती गुंफलेली असे. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, म्हणून ती 0.26 सेकंद आधीच सोडायचे. मला ही युक्ती फार आवडते.

वायर तासली, जोडली, वर पाइपचा तुकडा चढवला. थोड्या वेळाने लॉगरचं घड्याळ 14 सेकंद मागे आलं. साडेनऊपर्यंत खांबाच्या सावलीत बसलो. पाळी होऊन गेल्यावर पुण्याला फोन लावला.

“आलं का?”

“आलं. शेजारचंही आलं.”