आधी पेट्रोल, मग नायट्रस

'द फास्ट अँड द फ्यूरियस' हा चित्रपट २००१ साली आला आणि एक बटण दाबताच मोटार बाणासारखी सुटते, हे दृश्य तरुण प्रेक्षकांच्या मनात घर करून बसले. त्या बटणामागे असते नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दंतवैद्याकडे वापरला जाणारा हास्यवायू. मोटारसायकलींच्या ड्रॅग शर्यतींत, ४०२ मीटरच्या सरळ धावेत, हा वायू वर्षानुवर्षे वापरला जात आहे. बटण दाबल्यावर काय होते ते पडद्यावर दिसते. ते दाबण्याजोगे होण्यापूर्वी काय करावे लागते ते दिसत नाही. इंजिने फुटतात ती बहुधा या न दिसणाऱ्या भागात केलेल्या घाईमुळे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. नायट्रस हे इंधन नव्हे. तो स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला प्राणवायू पुरवतो. हवेच्या वजनात प्राणवायू सुमारे २३ टक्के असतो, तर नायट्रसच्या वजनात ३६ टक्के. ज्वलनकक्षातील उष्णतेने त्याचे रेणू फुटतात, प्राणवायू मोकळा होतो आणि तेवढ्याच इंजिनात अधिक पेट्रोल जाळता येते. शिवाय द्रवाचा वायू होताना तो आत येणारी हवा थंड आणि म्हणून दाट करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने विरळ हवेत उडणाऱ्या विमानांसाठी हीच युक्ती 'जीएम-१' या नावाने वापरली होती.

धोका दडला आहे तो 'अधिक पेट्रोल' या दोन शब्दांत. हवेच्या १४.७ भागांना एक भाग पेट्रोल पुरते. नायट्रसच्या मात्र साडेनऊ भागांनाच एक भाग लागते. वायू आला आणि त्याच्या वाट्याचे पेट्रोल आले नाही, तर मिश्रण 'लीन' होते, तापमान भडकते, नॉकिंग सुरू होते आणि काही सेकंदांत पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. मोटारीचे इंजिन असे गेले तर ती बहुधा रस्त्याकडेला उभी राहते. मोटारसायकलीचे इंजिन भर वेगात आवळले तर मागचे चाक जागीच अडते, आणि स्वाराच्या हाती क्लच ओढण्याइतकाच क्षण उरतो.

म्हणूनच चाचणीचा क्रम ठरलेला असतो. पेट्रोलची बाजू आधी सिद्ध करायची, वायूची बाटली सर्वांत शेवटी उघडायची.

'वेट' पद्धतीत वायू आणि जादा पेट्रोल दोन स्वतंत्र सोलेनॉइड झडपांतून, मोजक्या छिद्राच्या जेटमधून आत फवारले जातात. 'ड्राय' पद्धतीत फक्त वायू येतो आणि जादा पेट्रोल इंजेक्शनची संगणकप्रणाली पुरवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरते. तिथे वेट किटसाठी वेगळा विजेचा पंप हवा. ही काटकसर करण्याची जागा नाही.

आरंभी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासावे. झिजलेल्या इंजिनाला नायट्रस म्हणजे आजाऱ्याला कुस्ती. मग बाटली पूर्ण बंद ठेवून विजेची जोडणी पाहावी. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच स्विच चालू होतो का, सोडताच झडप बंद होते का? ही तपासणी पेट्रोलचा पंप बंद ठेवून करावी, नाहीतर थांबलेल्या इंजिनात पेट्रोल भरून बसते. थांबलेल्या इंजिनात वायू सोडणे तर त्याहून वाईट. इनटेकमध्ये साचलेला वायू पुढच्या स्टार्टच्या वेळी पेट घेऊन एअरबॉक्सच्या ठिकऱ्या उडवू शकतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण टाळतात, आणि खरी मेख तिथेच आहे. पेट्रोलचा फवारा इनटेकमधून बाहेर काढून मोजपात्रात सोडायचा, ठरावीक सेकंदांत किती मिलिलिटर आले ते मोजायचे आणि त्याच वेळी दाबमापकाकडे पाहायचे. नळी बंद असताना दिसणारा दाब फसवा असतो. पेट्रोल वाहू लागल्यावर तो किती उरतो, तो खरा. हे काम मोकळ्या हवेत, अग्निशामक हाताशी ठेवून करावे हे सांगणे नलगे.

वायूची गळती साबणाच्या पाण्याने तपासतात. बाटली क्षणभर उघडून बंद केल्यावर नळीतला दाब टिकला पाहिजे; तो उतरला तर जोड किंवा झडप गळते आहे. जोडांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप लावू नये, कारण तिचा एखादा तुकडा झडपेत अडकला की झडप उघडीच राहते. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण बाहेर पडणारा वायू उणे ८८ अंशांपर्यंत थंड असतो. बंद गॅरेजमध्ये तो साचला तर श्वासही कोंडतो. हा वायू हुंगणे मज्जातंतूंना अपाय करते. मोटारींसाठीच्या वायूत म्हणूनच अनेकदा थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो.

आता आपल्याकडचा प्रश्न, म्हणजे ऊन. २१ अंश सेल्सिअसला बाटलीत सुमारे ७६० पीएसआय दाब असतो. अनेक किट ९०० ते ९५० पीएसआयसाठी आखलेली असतात. ३६.४ अंशांच्या वर तर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. विदर्भातील मे महिन्यात हे तापमान सावलीतही ओलांडले जाते. दाब वाढला की त्याच जेटमधून वायू जास्त येतो. पेट्रोलचा दाब मात्र तोच राहतो, आणि मिश्रण लीनकडे झुकते. पहाटे केलेले ट्युनिंग दुपारी दगा देते ते यामुळे. प्रत्येक चाचणी एकाच दाबाला घ्यावी. बाटली तापली तर ओले फडके गुंडाळावे, थंड असेल तर कोमट पाण्यात ठेवावी. तिला ज्योत कधीही दाखवू नये. दाबावरून आत किती वायू उरला ते कळत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरप्रमाणे ही बाटलीही वजनच करावी लागते.

वायू दर सेकंदाला जवळपास सारखाच येतो, इंजिनाचे फेरे मात्र बदलतात. ३००० फेऱ्यांना प्रत्येक घोटात ६००० च्या दुप्पट वायू जातो. त्यामुळे कमी फेऱ्यांवर बटण दाबणे घातक. उलट रेव्ह लिमिटर लागल्यावरही वायू चालू राहिला तर स्फोटक बॅकफायर होतो. ठरावीक फेऱ्यांच्या दरम्यानच वायू सोडणारा 'विंडो स्विच' ही चैन समजू नये.

प्रत्यक्ष ट्युनिंग डायनोवर करावे. आधी नायट्रसविना एक आलेख घ्यावा. मग किटमधला सर्वांत लहान वायूचा जेट, त्याच्या जोडीचा पेट्रोलचा जेट, एक-दोन पायऱ्या थंड प्लग आणि निर्मात्याने सांगितल्याइतके मागे घेतलेले इग्निशन टायमिंग. मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवून सुरुवात करावी. वाइडबँड मापक लावलेला असला तरी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग काढून पाहावाच. त्यावर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे, आणि त्या दिवशीचे काम तिथेच थांबवावे.

हे सारे बंदिस्त धावपट्टीपुरतेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल केलेले वाहन रस्त्यावर चालत नाही. उच्च दाबाच्या बाटल्यांना मंजुरी देणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. वेल्डिंगच्या दुकानातून आणलेल्या जुन्या बाटलीत नायट्रस भरून घेणे हा त्या मंजुरीला पर्याय होत नाही.

दिवसाची शेवटची धाव संपली की बाटलीची झडप आधी बंद करावी, नळीत उरलेला वायू पर्ज झडपेतून उघड्यावर सोडावा, आणि मगच विजेचा स्विच काढावा. जेटचे क्रमांक, बाटलीचा दाब आणि हवेचे तापमान वहीत लिहून ठेवावे. पुढच्या खेपेस पहिली धाव त्याच आकड्यांवरून घ्यायची असते.