वाद पाटीचा, अक्षरं सामाईक

फलकावर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात, असं सांगणारा कर्नाटकचा २०२४चा दुरुस्ती कायदा बेळगाव-निपाणीत अधूनमधून तापतोच. टक्के मोजणाऱ्यांनी खुशाल मोजावेत. पाहण्यासारखी गोष्ट आहे ती पाटी छापणाऱ्याच्या संगणकात. मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा ‘बलू’ हा गुबगुबीत फॉन्ट घ्या. त्याचं जसं देवनागरी रूप आहे, तसंच ‘बलू तम्मा’ हे कन्नड रूप. दोन्ही खुल्या परवान्याचे. धंद्यात फुकट वापरा, हवे तसे बदला, पुढे द्या; फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि बदललेला फॉन्ट वाटायचा तर तोही याच परवान्यानं.

ही सामाईकी फॉन्टपुरती नाही. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’ आपल्या विभागाच्या सुरुवातीपासून २१ घरं पुढे बसतो आणि कन्नड ‘क’ही त्याच्या विभागात नेमका तिथेच, कारण दोन्ही मांडण्या भारतीय लिप्यांच्या एकाच जुन्या मानकावर बेतल्या आहेत. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही दोन्ही ‘क’ एकाच कळीवर. मराठीत हात बसलेल्या माणसाला कन्नडसाठी नवा कळफलक पाठ करावा लागत नाही (कन्नड मात्र यावी लागते). याआधी डीटीपीवाल्यांकडे ज्या त्या कंपनीची सांकेतिक मांडणी निराळी असायची. एका दुकानात टाइप केलेली स्मरणिका दुसऱ्या दुकानात उघडली की नुसतं गिचमिड दिसायचं. मजकूर गिऱ्हाइकाचा, पण अडकून पडायचा विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये.

फुकटची ही चैन कुणाच्या जिवावर, हा आक्षेप रास्त आहे. असे कित्येक भारतीय फॉन्ट गुगलच्या पैशावर उभे राहिलेत आणि गुगल काही धर्मादाय संस्था नव्हे. पण एकदा दिलेला खुला परवाना मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही. उद्या कंपनीनं हात आखडला तरी फॉन्ट राहतो आणि दुरुस्तही करता येतो. महाराष्ट्र सरकारनं २००९मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला. बंदिस्त फॉन्टमध्ये ही अक्षरं हवी असतील तर कंपनीकडे अर्ज करत बसायचं. खुल्यात जाणकारानं घडवून द्यायची. असे जाणकार मोजकेच आणि त्यांना मेहनताना द्यायला हवा, हेही खरं. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यातल्या वकिलांच्या फीपुढे दोन्ही सरकारांना हा खर्च किरकोळच वाटेल.